वर्गाबाहेरचा गळा

आमच्या घरी गाण्याला सोवळे होते. सकाळी रेडिओवर नाट्यपद लागले की वडील हातातले वर्तमानपत्र खाली ठेवीत. आणि इलेक्ट्रिक गिटारचा झणकार सुरू झाला की जागचे न हलता नुसते खाकरत. त्या खाकरण्याचा अर्थ घरातल्या पोरासोरांना पुरता ठाऊक होता. १९८१ साली ‘अरमान’ चित्रपटातले ‘रंभा हो’ हे गाणे आमच्या गल्लीतल्या गणपतीपुढे दिवसरात्र वाजू लागले, तेव्हा वडिलांचा घसा बसायचाच काय तो बाकी राहिला होता.

पुढे मी संगीतावर चार ओळी लिहू लागलो आणि ते खाकरणे माझ्या लेखणीत उतरले. उषा उथुप यांच्याविषयी कोणी विचारले, तर ‘बाईंचा आवाज दांडगा आहे, पण हे काही गाणे नव्हे’ एवढे बोलून मी मोकळा होई. दिवाळीत जुनी देणी फेडून टाकावीत म्हणतात. हा लेख त्यांतलेच एक देणे समजावे.

उषाबाई मूळच्या मुंबईच्या. जन्म १९४७ चा, तमिळ कुटुंबातला. वडील मुंबईच्या पोलीस खात्यात, बालपण भायखळ्याला गेलेले. शाळेत त्यांना गायनाच्या वर्गातून बाहेर काढले होते. गळा जाड, घोगरा. इतर मुलींच्या कोवळ्या आवाजात तो मिसळेना. मात्र या पोरीच्या अंगात संगीत आहे, हे बाईंनी ओळखले असावे. त्यांनी तिच्या हाती वाजवायला लाकडी टाळ्या आणि ट्रँगल दिला. गाणाऱ्यांच्या रांगेत जागा नाही, पण ताल धरायला हरकत नाही! उषाबाई ही हकीकत सांगतात ती हसत हसत. तीत कुरकुर नसते.

त्यांचे रीतसर शिक्षण म्हणाल तर एवढेच. गंडा बांधला नाही, घराणे नाही. घरी रेडिओ होता आणि आईवडिलांचा कान उदार होता; पाश्चात्त्य संगीताच्या जोडीला किशोरी आमोणकर आणि बडे गुलाम अली खाँ हेही त्या घरात ऐकले जात. पण ऐकणे निराळे आणि तालीम निराळी. मग या बाईंना शिकवले कोणी?

या प्रश्नाचे उत्तर मला मद्रासच्या माउंट रोडवर सापडते. तिथल्या सफायर थिएटरच्या तळघरात ‘नाइन जेम्स’ नावाचा एक नाइटक्लब होता. १९६९ साली उषाबाई तिथे गाऊ लागल्या, त्या कांजीवरम साडी नेसून आणि केसांत फुले माळून. अशा ठिकाणचा श्रोता कसा असतो, याचा जरा विचार करावा. आपल्या बैठकीतला रसिक दाद द्यायची म्हणूनच घरून निघालेला असतो. क्लबातला गृहस्थ येतो तो जेवायला. समोर ताट, हाती पेला, शेजारी मित्र. काट्याचमच्यांचा खणखणाट आणि वेटरांची ये-जा चाललेली. त्याने मान वर करावी म्हणून गाणाराला धडपडावे लागते. आणि वर झालेली मान पुन्हा ताटात जाऊ नये, यासाठी त्याहून अधिक. हीच उषाबाईंची शाळा. मुंबईचे ‘टॉक ऑफ द टाउन’ आणि कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरचे ‘ट्रिंकाज’ हे तिचे पुढचे वर्ग. श्रोता हाच गुरू, आणि हा गुरू रोज रात्री नवा!

आपण गाणे शिकलेलो नाही, हे त्या मुलाखतींतून आपणहून सांगतात. आपले काम माणसांशी संवाद साधण्याचे, गाणे हे त्याचे साधन, असा त्यांच्या बोलण्याचा रोख असतो. पूर्वी मला ही पळवाट वाटे. सूर कमी पडला की माणूस ‘संवादा’च्या गोष्टी सांगू लागतो, असा माझा समज होता.

हा समज काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका सभागृहात मोडला. नातवंडांच्या आग्रहाने माझी ऐंशी वर्षांची आत्या आली होती आणि आत्याला सांभाळायला म्हणून मी. बाई मंचावर आल्या. भरजरी साडी, पायांत त्याच कापडाचे बूट, आणि कपाळावर रुपयाएवढे कुंकू, त्यात बंगाली ‘क’. आत्या माझ्या कानाशी लागून म्हणाली, “अरे, हिचं कुंकू बघ केवढं! आपल्या गावच्या देवीसारखं.” पुढच्या पंधरा मिनिटांत बाईंनी सारे सभागृह टाळ्यांच्या ठेक्यावर आणले. टाळी चुकली की त्या थांबत, डोळे वटारत आणि पुन्हा सुरू करीत. आत्याही टाळी वाजवीत होती. आणि ठेका माझा चुकत होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मी चुकीची फूटपट्टी घेऊन बसलो होतो. हे गाणे ख्यालाच्या मापाने मोजायचेच नव्हते. त्याचे माप आपल्याच देवळाच्या ओवरीत पडलेले आहे. कीर्तनकाराची मींड कोणी तपासतो का? पेंगणारे म्हातारे, रडणारी पोरे आणि चपलांवर लक्ष ठेवून बसलेले गृहस्थ या साऱ्यांना एका नामघोषात तो ओढतो की नाही, एवढेच आपण पाहतो. उषाबाईंचे शास्त्र हे त्या जातीचे आहे. विषय देवाचा नाही, एवढाच फरक.

आणि म्हणूनच त्यांच्या कीर्तीची जातही निराळी. तबकडीवर मिळालेली कीर्ती पेढीत ठेवलेल्या ठेवीसारखी असते. गाणारा झोपला तरी व्याज चालू राहते. मंचावरची कीर्ती हे रोजंदारीचे काम. काल टाळी मिळाली, म्हणून आज ती मिळेलच असे नाही. पंधराहून अधिक भारतीय भाषांत बाई गातात, तो निव्वळ विक्रमाचा हव्यास नसावा. ज्याच्या दारी जायचे त्याच्या बोलीत हाक मारावी, हा त्यामागचा साधा व्यवहार आहे.

या कीर्तीची कसोटीही लागली. १९८३ साली पश्चिम बंगालमध्ये त्यांचे गाणे ‘अपसंस्कृती’ ठरवून सरकारी सभागृहांची दारे त्यांना बंद करण्यात आली. त्या न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. ही हकीकत वाचताना मी थोडा वरमलो. मंत्र्याच्या हाती हुकूम होता आणि माझ्या वडिलांच्या हाती नुसता घसा. पण दोघांचे म्हणणे एकच होते.

तरीही टीकाकाराचे काम मी सोडू नये. बाईंचे व्यक्तित्व पुष्कळदा गाण्यावर मात करते. कुंकू, साडी, मिस्कील गप्पा हे सगळे वजा करून नुसते ध्वनिमुद्रण ऐकले, तर काही गाणी पोकळ वाटतात. उसनी पाश्चात्त्य गाणी तर विशेषच. पण ‘सात खून माफ’ या २०११ च्या चित्रपटातले ‘डार्लिंग’ ऐकावे. रेखा भारद्वाज यांच्या धुरकट, नाजूक आवाजाशेजारी हा खर्जातला गळा भक्कम खांबासारखा उभा आहे. तिथे ना साडी दिसते, ना कुंकू. त्या गाण्याबद्दल दोघींना मिळून फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पद्मश्री २०११ ची, पद्मभूषण २०२४ चे. वर्गाबाहेर काढलेल्या मुलीला पंगतीत पान मिळायला एवढी वर्षे लागली.

वडील आज नाहीत. असते, तर ‘डार्लिंग’ त्यांना एकदा ऐकवले असते. ते खाकरले असतेच. पण खाकरून झाल्यावर वर्तमानपत्र खाली ठेवले असते का, हे पाहण्याची मला फार उत्सुकता होती.