‘बँडिट’ आणि आपल्या हॅकिंग क्लबच्या कार्यशाळा

आज हॅकिंग क्लबमधल्या कार्यशाळांवर बोलायचंय. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या क्लबमध्ये मी दोन तासांची कार्यशाळा घेतली. पडद्यावर काली लिनक्स, मी कमांड टाइप करतोय, मुलं उतरवून घेताहेत. शेवटी प्रत्येकाच्या स्क्रीनवर पासवर्ड उमटला, टाळ्या पडल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यातल्या एकानं तीच कमांड निकालाच्या साइटवर चालवून पाहिली. आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे मी सांगितलंच नव्हतं. प्रकरण माफीपत्रावर मिटलं. पण ती कमांड नेमकं काय करते, हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. याला प्रात्यक्षिक म्हणायचं का? ही तर नक्कल झाली.

त्यानंतर मी ‘ओव्हरदवायर’चा ‘बँडिट’ हा खेळ वापरायला लागलो. एका पातळीवर पासवर्ड शोधायचा, तो पुढच्या पातळीची किल्ली. सुरुवात अगदी साधी. लगेच पुढे एक फाइल येते, जिचं नाव आहे फक्त एक आडवी रेघ. ‘कॅट’ लिहून ते नाव दिलं की स्क्रीन नुसती थांबते. मुलं म्हणतात, “सर, हँग झालं.” हँग वगैरे काही नाही, त्या रेघेचा अर्थ प्रोग्रॅम ‘कीबोर्डवरून घे’ असा लावतो आणि वाट बघत बसतो. नावाआधी डॉट-स्लॅश लावलं की फाइल उघडते. आता बघा, आपण दिलं नाव आणि यंत्रानं घेतली सूचना. एसक्यूएल इंजेक्शनच्या मुळाशी हाच घोळ आहे. एवढी मोठी गोष्ट एका रेघेत शिकवणारा धडा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पण ‘बँडिट’मध्ये उणीव आहेच. पासवर्ड मिळाला की पातळी संपली. ही चूक दुरुस्त कशी करायची, कुणाला कळवायची, हे तो विचारत नाही. शिवाय उत्तरं नेटवर सर्रास सापडतात. एकट्यानं खेळणारा अडला की तिकडे वळतो.

ती उणीव क्लबनं भरून काढायची. दोघांत एक कीबोर्ड ठेवा: एकानं सांगायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं. पहिला अर्धा तास प्रोजेक्टर बंद. शेवटची वीस मिनिटं प्रत्येक जोडीनं अर्धं पान लिहायचं: काय सापडलं, का घडलं, उपाय काय. आणि पानाच्या डोक्यावर पहिली ओळ: या यंत्रावर काम करायची परवानगी आम्हाला कुणी दिली?

ती ओळ ज्याला भरता येत नाही, त्यानं एंटर दाबायचं नाही. हे मी त्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.