मायना गेला, मजकूर उरला

पत्रलेखनाची कला लोप पावली, असा शोक आपल्याकडे हल्लीं वारंवार ऐकूं येतो. दिवाळी अंकांतून या विषयावर एखादा तरी हळवा लेख सांपडतोच. त्यांत पोस्टमनची सायकल असते, निळें अंतर्देशीय पत्र असतें, आणि शेवटीं ‘आतां तें सुख नाहीं’ असा उसासा असतो. हा उसासा आम्हांस खोटा वाटत नाहीं; परंतु तो भलत्याच वस्तूसाठीं सोडला जातो, असें आमचें मत आहे. कागद गेला, शाई गेली, वाट पाहणें गेलें, याचें दुःख करणारे लेखक पत्राच्या ज्या एका अंगाकडे क्वचितच पाहतात, तेंच आमच्या मतें सर्वांत मोलाचें होतें. आम्ही मायन्याविषयीं बोलत आहों.

मायना हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ ‘अर्थ’ असाच आहे. मराठींत मात्र पत्राच्या आरंभीं येणारें संबोधन आणि नमस्कार किंवा आशीर्वाद, यांना तो लागू झाला. आईवडिलांस ‘तीर्थरूप’, इतर वडील मंडळींस ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, परक्या सद्गृहस्थास ‘राजमान्य राजेश्री’. पुढें ‘शिरसाष्टांग’ किंवा नुसताच ‘साष्टांग’, ज्याच्या त्याच्या अधिकाराप्रमाणें. तीर्थरूप व तीर्थस्वरूप यांतील भेद चुकला तर शाळेंत गुण कापले जात. हेमाडपंतांच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकापासून पत्रांच्या या रीतीला आपल्याकडे शास्त्राचें स्थान मिळालें होतें, आणि शास्त्र म्हटलें कीं त्याबरोबर येणारा कोरडेपणाहि आलाच. तरीहि या एका ओळीकडून एक काम होत असे, तें दुसऱ्या कशाकडून होण्यासारखें नव्हतें. मजकुराचें पहिलें अक्षर लिहिण्यापूर्वीं लिहिणाऱ्यास ठरवावें लागे, कीं आपण कोण, समोरचा कोण, आणि आपल्या दोघांमध्यें नातें काय. हें ठरलें म्हणजे पुढच्या मजकुराचा सूर आपोआप लागे. जें चिरंजीवास लिहितां येतें तें तीर्थरूपांस लिहितां येत नाहीं.

मराठी गद्यावर याचे उपकार थोडे नाहींत. लोकहितवादींचीं शतपत्रें १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रांत येऊं लागलीं. तीं वस्तुतः निबंधच आहेत. परंतु निबंध म्हणून मांड ठोकून बसण्यापूर्वीं आपलें गद्य पत्राच्या रूपानें बोलावयास शिकलें, हा आम्हांस योगायोग वाटत नाहीं. समोर कोणी तरी आहे अशी खात्री असल्यावांचून इतकें रोखठोक लिहवत नाहीं. साने गुरुजींनीं पुतणीस लिहिलेलीं ‘सुंदर पत्रें’ घ्या. त्यांतील उपदेश वेगळा काढून ग्रंथांत घातला असता तर कित्येक वाचकांस तो जड झाला असता. तो एका विशिष्ट मुलीस सांगितलेला आहे, म्हणून आपणहि तिच्या शेजारीं बसून ऐकतों.

अर्थात् मायन्याचा इतिहास सारा गोड नाहीं, आणि त्याची आरती ओवाळण्याचा आमचा हेतुहि नाहीं. बाई सधवा असेल तर ‘सौ.’, विधवा असेल तर ‘गं. भा.’; म्हणजे तिला पत्र लिहावयाचें तर आधीं तिच्या नवऱ्याची खबर घ्यावयाची. जिला लिहितां येत नसे तिचें पत्र दुसरा कोणी लिही आणि आलेलें पत्र दुसराच कोणी वाची. सासरीं गेलेल्या मुलीचें पोस्टकार्ड आधीं सासरच्या डोळ्यांखालून जाणार हें तिला ठाऊक असे, म्हणून ‘येथील सर्व मंडळी खुशाल आहेत’ या वाक्यापलीकडे तिची लेखणी सरकत नसे. अक्षर कांपलेलें आहे कीं नीट आहे, यावरून आईनें काय तें ओळखावयाचें. असल्या पत्रव्यवहाराला कला म्हणावयाचें तर ती सोसण्याची कला होती.

संक्षेपाविषयींहि थोडें बोललें पाहिजे. कारण तरुण पिढी शब्द तोडून लिहिते, ही तक्रार वडील मंडळी फार तावातावानें करतात. १८५४ सालीं अंतर कितीहि असलें तरी हलक्या पत्रास अर्धा आणा, असा सरसकट दर झाला, आणि १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड आलें. हाताच्या तळव्याएवढ्या त्या तुकड्यावर ‘तीर्थरूप बाबा यांचे चरणीं बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार विनंति विशेष’ असें साग्र लिहीत बसावें तर विनंति राहते आणि नुसतें विशेषच उरतें. म्हणून ‘ति. बा. यांस शि. सा. न. वि. वि.’ हेंच सोयीचें. परप्रांतीयास हीं अक्षरें मंत्रासारखीं वाटतील. नातवाच्या दोन अक्षरी उत्तरावर रागावणाऱ्या आजोबांनीं आपल्या ट्रंकेंतील जुनीं कार्डें एकवार काढून पाहावींत. संक्षेप हा दोष नव्हे; त्या संक्षेपांत नातें उरलें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें. ‘शि. सा.’ या दोन अक्षरांत तें उरलें होतें.

तारेनें मात्र पहिला मोठा धक्का दिला. १८५५ मध्यें सर्वसामान्यांस खुलें झालेलें हें साधन आपल्या देशांत १४ जुलै २०१३ पर्यंत, म्हणजे दीडशें वर्षांहून अधिक काळ टिकलें. शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळें मायन्याला थारा नव्हता. शिवाय तार बहुधा इंग्रजींत. मराठी घरांतील अत्यंत जिव्हाळ्याची आणि अत्यंत भयंकर बातमी परभाषेंतील तीनचार शब्दांनीं दारांत येई, आणि ती वाचण्यासाठीं शेजारच्या कारकुनाला बोलवावें लागे. ‘फादर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली.’ पुष्कळ घरांत तारवाला दिसतांच रडारड सुरू होत असे. पुढें ती पुत्रजन्माची किंवा नोकरीची तार निघाली तरी आधींचे अश्रु परत घेतां येत नसत. सणासुदीच्या आणि लग्नाच्या शुभेच्छांसाठीं तर तारखात्यानें ठराविक वाक्यें छापून त्यांस क्रमांक दिले होते; गिऱ्हाइकानें आंकडा सांगावा, पलीकडच्या कचेरींत त्या आंकड्याचें वाक्य व्हावें. आयत्या शुभेच्छा ही आपल्या काळाची उपज आहे असें समजणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. तरी तारेच्या अखेरीस एक नांव असे. माणूस पैसे वांचविण्यासाठीं क्रियापद गाळी, पण आपलें नांव गाळीत नसे.

दूरध्वनीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. मुंबईंत तो १८८२ सालीं आला. मध्यम वर्गाच्या घरांत शिरावयास त्याला जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. ‘हॅलो’ हा एकच मायना त्यानें राजापासून रंकापर्यंत सर्वांस वांटला. परंतु आपल्या लोकांनीं त्यापुढें लगेच ‘कोण बोलतंय?’ हा प्रश्न जोडला, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचें बोलणें सुरू केलें नाहीं. यांत त्यांची उपजत शहाणीव दिसते.

आतां हातांतल्या यंत्राकडे येऊं. व्हॉट्सॲप २००९ सालीं निघालें, आणि कांहीं वर्षांतच मराठी कुटुंबाच्या बोलण्याचालण्याची ओसरी त्याच्यावर आली. निरोपावर पाठविणाऱ्याचें नांव यंत्र स्वतःच लावतें, म्हणून लिहिणारास तें लिहावें लागत नाहीं. आणि नांव लिहावें लागत नाहीं म्हणून नात्याचा विचारहि करावा लागत नाहीं. एवढी एक गोष्ट सोडली तर या साधनाचे गुण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. त्यांत २०१३ सालीं सुरू झालेला बोलका निरोप तर आम्हांस पत्राचा खरा वारसदार वाटतो. जिला अक्षरओळख नाहीं ती आजी आज कोणाच्याहि मध्यस्थीवांचून नातवाशीं बोलते. पत्र लिहावयाचें म्हणजे पुस्तकी मराठींत लिहावयाचें, असा पूर्वीं दंडक होता. वऱ्हाडांतील किंवा मालवणांतील आई कागदावर आली कीं पुण्याची होऊन जाई. आतां ती आपल्या स्वतःच्या बोलींत बोलते, मध्येंच खोकते, शेजारणीस उत्तर देते, आणि पुन्हां निरोपाकडे वळते. ‘बाळा’ या तिच्या हांकेंत सगळा मायना येऊन जातो. सासुरवाशिणीच्या कांपऱ्या अक्षरावरून आईला जें ताडावें लागे, तें आतां आवाजावरून थेट कळतें. हा लाभ लहान नव्हे, आणि तो स्त्रियांस अधिक झाला आहे. जुन्या पत्रांसाठीं झुरणारे बहुतेक लेखक पुरुष असावेत, अशी आम्हांस कधीं कधीं शंका येते.

अडचण कुटुंबाच्या समूहांत सुरू होते. जेथें आजोबा, जांवई, चुलत नणंद आणि आठवींतला भाचा एकाच ओसरीवर बसलेले आहेत, तेथें मायना लिहावयाचा तर कोणता? तीर्थरूप आणि चिरंजीव यांना एकदम काय लिहितां येईल? फुलें, सूर्योदय, सुप्रभात. या सुप्रभातांचा उपहास करणें सोपें आहे, परंतु आम्ही तो करणार नाहीं. सर्वांना चालेल असेंच बोलावयाचें ठरल्यावर माणूस दुसरें काय बोलणार? खरा घोटाळा पुढें आहे. स्वतःचें बोलणें खुंटलें कीं माणूस दुसऱ्याचें आणून टाकतो. ‘आलें तसें पाठविलें’ ही या ओसरीवरची नवी म्हण झाली आहे.

यालाहि पूर्वज आहेत. देवाच्या नांवानें सोडलेलीं निनांवी पोस्टकार्डें पुष्कळ घरांत येत. ‘हें पत्र अकरा जणांना पाठवा, लाभ होईल, न पाठविल्यास अनिष्ट होईल’ असा त्यांचा थाट असे. पण तें कार्ड पुढें धाडावयाचें तर अकरा कार्डें विकत आणावीं लागत, मजकूर अकरा वेळां हातानें उतरावा लागे, आणि अकरा पत्ते आठवावे लागत. पांचव्या कार्डापर्यंत देवाच्या धाकापेक्षां बोटांचा ठणका बलवत्तर होई. आज अंगठ्यास तेवढेहि कष्ट नाहींत.

१ जुलै २०१८ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें पांच माणसें जमावानें ठेचून मारलीं. तीं मंगळवेढ्याकडचीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं, भिक्षा मागत फिरणारीं होतीं. मुलें पळविणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या काळांत हातोहात फिरत होते. ते कोणीं लिहिले? कोणासाठीं लिहिले? कोणत्या गांवच्या मुलाविषयीं? ज्यानें निरोप पुढें पाठविला त्याचें नांव वर होतें, आणि म्हणूनच वाचणाऱ्यास तो ओळखीच्या माणसाचा शब्द वाटला. पण शब्द त्याचा नव्हता. मायन्याचें काम अर्धेंच झालें म्हणजे तें न झाल्याहून वाईट, असें आम्ही म्हणतों तें या अर्थानें. निनांवी कार्डावर निदान कोणाचेंच नांव नसे, आणि शहाणा माणूस तें चुलींत घाली. मामाच्या नांवाखालीं आलेली अफवा चुलींत घालावयास फार धैर्य लागतें.

दोष सर्वस्वीं यंत्राचा, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. जमाव, त्याची भीति, भटक्या समाजांविषयीं गांवांत मुरलेला संशय, हीं यंत्रापूर्वींचीं आहेत. तथापि त्याच जुलै महिन्यांत त्या कंपनीनें दोन गोष्टी केल्या. दुसरीकडून आलेल्या निरोपावर तशी खूण उमटूं लागली, आणि भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं निरोप पुढें पाठविण्यास बंदी झाली. पहिली गोष्ट आम्हांस साहित्याच्या दृष्टीनें फार अर्थपूर्ण वाटते. आपण मायना लिहिणें सोडलें, तेव्हां एका परदेशी व्यापारी पेढीला तो आपल्या वतीनें लिहावा लागला. पण तो पुरा नाहीं. ‘हें बोलणें यांचें नव्हे’ इतकें ती खूण सांगते. मग कोणाचें, हें सांगत नाहीं.

राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांतून जीं पत्रें छापलीं, त्यांतील कितीएकांवर चंद्र आहे, महिना आहे, पण वर्ष नाहीं. संशोधकांनीं मजकुरावरून तें वर्ष मोठ्या कष्टानें ठरविलें. मात्र कोणीं कोणास लिहिलें, याचा ठाव लावावयास पुष्कळदां मायनाच हाताशीं असे. ‘राजश्री’ कोण, ‘सेवक’ कोण, आशीर्वाद कोण देतो, यावरून माणसें ओळखतां येत. राईनपाड्याच्या आधीं फिरलेला एखादा निरोप पुढेंमागें कोणा संशोधकाच्या हातीं लागला, तर त्याला वर्ष शोधावें लागणार नाहीं. महिना, तारीख, तास, मिनिट, सारें त्याच्या खालीं छापलेलें असेल, आणि कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेला हेंहि कळेल. लिहिणारा तेवढा सांपडणार नाहीं.