‘स्पीक’मधील मौन आणि न ऐकणारे घर

लॉरी हाल्स अँडरसन यांच्या ‘स्पीक’ (१९९९) या अमेरिकी कुमार-कादंबरीकडे बहुधा आघाताचे मानसशास्त्रीय चित्रण म्हणून पाहिले जाते. नववीत जाण्यापूर्वी एका पार्टीत मेलिंडा सॉर्डिनो हिच्यावर बलात्कार होतो. ती पोलिसांना दूरध्वनी करते, पण काय घडले ते सांगू शकत नाही. पोलीस येऊन पार्टी उधळतात आणि शाळेत ती सर्वांच्या रोषाचा विषय होते. तिचे पुढील मौन हे आघाताचे लक्षण आहे, यात शंका नाही. परंतु एवढ्यावरच थांबणारे वाचन कादंबरीतील घराला फार सहजपणे दोषमुक्त करते.

हे घर क्रूर नाही; तेथे दारिद्र्यही नाही. आई कपड्यांच्या दुकानाची व्यवस्थापक, वडील विमा व्यवसायातले. परस्परांचे निरोप स्वयंपाकघरातील चिठ्ठ्यांतून पोहोचतात. गुण घसरल्यावर पालकांना मुलगी दिसते, तीही प्रगतिपुस्तकापुरती. चार सत्रांच्या गुणपत्रकांवर कादंबरीची रचना बेतलेली आहे, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. संवादांत मेलिंडाच्या नावापुढील जागा अनेकदा कोरी सोडलेली असते. तिच्या मौनाचा अर्थ आईला मात्र ‘लक्ष वेधून घेण्याची धडपड’ असाच लागतो.

थँक्सगिव्हिंगचा प्रसंग या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. कुटुंबाने एकत्र जेवावे असा हा सण. पण टर्की शिजवण्याचा बेत पार फसतो. त्या टर्कीची हाडे घेऊन मेलिंडा चित्रकलेच्या वर्गात एक शिल्प रचते आणि त्यात बाहुलीचे डोके बसवून तिच्या तोंडावर चिकटपट्टी लावते. कुटुंबाच्या मोडलेल्या सणाचे अवशेष आणि मुलीचे बंद तोंड येथे एकाच वस्तूत येतात. कादंबरीतील कोणत्याही आत्मनिवेदनापेक्षा ही प्रतिमा अधिक सांगून जाते. नाताळात आईवडील तिला चित्रकलेचे साहित्य भेट देतात. आपली मुलगी चित्रे काढते, हे त्यांच्या ध्यानात आलेले असते! त्या क्षणी ती सारे सांगण्याच्या अगदी जवळ येते, पण शब्द फुटत नाहीत. पालकांना खलपुरुष न ठरवता त्यांचे अपुरेपण दाखवणारा हा संयम लेखिकेचे मोठेच यश होय.

त्या तुलनेत अखेरचा संघर्ष काहीसा योजलेला वाटतो. अत्याचारी अँडी पुन्हा चालून येतो, फुटलेल्या आरशाचा तुकडा तिच्या हाती लागतो आणि आवाज ऐकून खेळाडू मुली धावून येतात. ही कथानकाची सोय आहे, असा आक्षेप घेता येईल. मात्र प्रथमच कोणीतरी तिचा आवाज ऐकून येते, ही बाब आक्षेपाची धार कमी करते.

अँडरसन यांनी २०१९ मध्ये ‘शाउट’ या पद्यबद्ध आत्मकथनात स्वतःवरील अत्याचाराविषयी लिहिले. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, ‘स्पीक’ अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत चौथ्या स्थानी होते. ही कादंबरी मुलग्यांविषयी पक्षपाती आहे, असाही एक आक्षेप होता. वस्तुतः तिचा अधिक अवघड प्रश्न घरातील प्रौढांना आहे. शेवटच्या प्रसंगात मेलिंडा बोलू लागते ती चित्रकलेचे शिक्षक फ्रीमन यांच्यापुढे, आईवडिलांपुढे नव्हे.