निर्गुणातील एकांत : कुमार गंधर्वांच्या भजनगायनाचा पुनर्विचार

पाश्चात्त्य अभिजात संगीतात मोजक्या वादकांसाठी रचलेल्या चेंबर म्युझिकच्या जवळ जाणारा आपल्याकडील आविष्कार म्हणजे बैठक होय. गायक, दोन तानपुरे, तबला आणि संवादिनी एवढाच तिचा पसारा. एवढ्या अल्प साधनांतून एकांत हा आशय कसा साकार होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात पं. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांच्या निर्गुणी भजनांच्या आधारे करावयाचा आहे.

कुमारजींच्या गायकीची मीमांसा करताना त्यांच्या आजाराचा दाखला हमखास दिला जातो. क्षयरोगामुळे १९४८ साली ते देवासला आले. काही वर्षे गाणे थांबले. एक फुप्फुस निकामी झाले. म्हणून स्वरवाक्ये आखूड झाली व विराम वाढले, असा हा युक्तिवाद आहे. तो अंशतःच ग्राह्य ठरतो. दम संपला की गायक थांबेल. पण कोठे थांबणे अर्थपूर्ण होईल, हे दम ठरवीत नाही. शिवाय ‘गीतवर्षा’तील ऋतुगीते, माळव्यातील लोकगीते आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’मधील नाट्यपदे त्याच शरीराने गायिली. तेथे समूहाचा उल्हास आहे, लडिवाळपणा आहे; एकांत नाही. अर्थात एकांत ही शरीराची मर्यादा नसून आशयाची निवड आहे.

माळव्यातील नाथपंथी परंपरेच्या गायनातून कुमारजींना निर्गुणाची वाट सापडली. हंसाच्या एकट्या उड्डाणाचे कबीराचे पद या दृष्टीने लक्षणीय आहे. विषय मृत्यूचा, तरीही गायनात हुंदका नाही, आर्जव नाही. सगुण भक्तीत आळवणीला समोर कोणीतरी असते. येथे तसे कोणी नाही. ओळ संपताच स्वर सोडून दिला जातो व तानपुऱ्यांचा नाद तेवढा उरतो. तो नाद रिकामी जागा भरून काढीत नाही; ती ऐकू आणून देतो. वसुंधरा कोमकली यांनी सोबत गायिलेल्या पदांतही हा एकांत भंगत नाही. यावरून एकांत आणि एकटेपणा यांतील भेद स्पष्ट व्हावा.

हा भेद अध्यापनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. एकांत आजारातून आला असे मानले, तर तो शिकविता येणार नाही. ती केवळ लकब मानली, तर फेकलेल्या स्वरांचे आणि विरामांचे अनुकरण तेवढे होईल. आणि ते पुष्कळ झाले आहे. स्वर कोठे सोडावा यामागील विचार म्हणून त्याकडे पाहिले, तरच तो अभ्यासाचा विषय होऊ शकेल, असे म्हणता येईल.