मुलाचा प्रश्न आणि संग्राहकाचे कपाट

वल्हांडणाच्या रात्री यहुदी कुटुंबात वाचली जाणारी हगादा ही बव्हंशी मुलांसाठी सिद्ध झालेली पोथी होय. मुलाने विचारावे व वडिलांनी सांगावे, ही तिची रचना निर्गम 12:26 व 13:14 या वचनांना धरून आहे. मुलाचे लक्ष रात्रभर खिळून राहावे म्हणून तिच्यात चित्रांनाही स्थान मिळाले. 1526 ची प्राग येथील छापील हगादा याची साक्ष देते. दुर्मीळ सचित्र हिब्रू बालग्रंथ जमवणारे संग्राहक हगादेस अग्रमान देतात, ते यथार्थच आहे.

या मालिकेत एक ग्रंथ मराठीचा आहे: 1874 साली पुणे येथे निघालेली सचित्र हिब्रू-मराठी हगादा. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल हे तिचे वाचक. त्यांच्यासाठी 1846 साली मुंबईत शिळाछापावर हिब्रू-मराठी हगादा निघालीच होती. पुण्याच्या प्रतीत विशेष असा की, तिच्यात लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. अन्य काही चित्रांचे वळण मात्र युरोपीय आहे.

या सरमिसळीस कोणी दोष म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. 1695 च्या प्रसिद्ध ॲम्स्टरडॅम हगादेची चित्रे अब्राहाम बार याकोब या यहुदी धर्म स्वीकारलेल्या कारागिराने मेरियन या ख्रिस्ती चित्रकाराच्या बायबलचित्रांवरून कोरली. चित्रे उसनी घेण्याची रीत अशी जुनीच आहे. खरी कसोटी ही की, पान उघडताच मुलाला आपले घर त्यात सापडते काय? पुण्याची हगादा या कसोटीस उतरते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बेने इस्राएलांत हिब्रूचे अध्ययन वाढले त्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांचा वाटा होता. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यामागील हेतू धर्मांतराचा होता. या समाजाने विद्या घेतली आणि आपला धर्म राखला. म्हणून असे ग्रंथ आपल्या हाती आले, तर त्यांना आपल्या कार्याचे विजयचिन्ह समजणे अनुचित ठरेल. 1965 च्या महासभेने यहुदी लोकांविषयी जो आदर शिकवला, त्याच आदराने ते हाताळावेत.

संग्राहकाचा दोष निराळा आहे. त्याला कोरी प्रत हवी असते. डागाने किंमत उतरते. परंतु हगादेवरील द्राक्षारसाचा डाग हा पोथी पंक्तीत होती याचा पुरावा असतो. कपाटात सुरक्षित राहिलेल्या प्रतीस कोणते मूल प्रश्न विचारणार? 1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएल देशी गेले. 1968 साली न्यूयॉर्क येथे पुण्याच्या हगादेची प्रतिकृती निघाली, हे संग्रहाचे खरे फळ होय. मूळ प्रत जपावी ती अशी पुन्हा हाती देण्यासाठीच.

याचा आपल्या कामाशी निकटचा संबंध आहे. बुऱ्हाणपूरसारख्या सीमेवरील गावात अनेक मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी शिकतात. त्यांच्या हाती आपण बहुधा एकाच भाषेचे पुस्तक देतो, आणि त्यातील चित्रांत तापीकाठचे घर क्वचितच दिसते. पुण्याच्या त्या पोथीने शेजारी-शेजारी दोन भाषा ठेवल्या आणि मुलाच्या आईला चित्रात आणले. धर्मशिक्षकांनी आपल्याकडील जुनी, फाटकी सचित्र धर्मपुस्तके रद्दीत घालू नयेत. ती कोणत्या घरात वाचली गेली, याची नोंद करावी, आणि त्यांच्या नकला वर्गात ठेवाव्यात. मुलांची बोटे त्यांवर उमटली, तर हरकत घेऊ नये.