अजिंठ्याच्या जहाजाचं पोट

जळगाव-धुळ्याकडची माणसं अजिंठ्याला जातात ती पद्मपाणीसाठी. पहिल्या लेण्यातच मान दुखायला लागते आणि दुसऱ्या लेण्यातलं जहाज बघायचं राहून जातं. पाचव्या शतकातलं हे चित्र पूर्णाच्या कथेतलं. शूर्पारकचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा, व्यापारी पूर्ण भिक्षू होतो. त्याचा भाऊ चंदनासाठी समुद्रावर जातो आणि वादळात सापडतो.

जहाज नीट पाहावं. नाळ आणि मागची बाजू उंच उचललेली, नाळेवर डोळे रंगवलेले. तीन डोलकाठ्यांवर तीन उभट शिडं. पुढे एक चौकोनी शीड, वाऱ्याने टरारून फुगलेलं. मागे सुकाणूची वल्ही. आणि छताखाली रांजण! जीव वाचवण्याच्या प्रसंगातही चित्रकार माल विसरत नाही. मला तरी या चित्राचा खरा रस त्या रांजणांत वाटतो, कारण जहाजाचं पोट रुंद का असावं, ते तिथे कळतं. त्यासाठी आधी वेगाचं गणित पाहायला हवं.

लेण्यांखालून वाहणाऱ्या वाघूरमध्ये चपटा दगड तिरका भिरकावला की टप्पे खात जातो. वेगामुळे पाणीच त्याला वर उचलतं. हलक्या, सपाट तळाच्या शर्यतीच्या होड्या अशाच पाण्यावरून घसरतात. जड जहाजाला ते जमत नाही. ते पाणी बाजूला सारत चालतं आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकतं. वेग वाढतो तशी लाट लांबत जाते. शेवटी एक शिखर नाळेशी, दुसरं मागे, आणि जहाज मधल्या खळग्यात. पाण्यालगत साठ फूट लांबी असेल, तर वेगाची ही मर्यादा साधारण दहा नॉटवर येते.

जोडहोडीची, म्हणजे कॅटामरानची, गंमत वेगळी. ती वेगवान असते म्हणून ती घसरतेच, असा अनेकांचा समज. पण बहुतेक वेळा तिला घसरावं लागतच नाही. तिचे दोन्ही तळ इतके निमुळते असतात की अडवणारी मोठी लाट उठतच नाही. मागचा भाग सपाट ठेवला तर थोडी उचल मिळते, तेवढीच. २०१३च्या अमेरिका कप या शिडाच्या शर्यतीतल्या जोडहोड्या पाण्याबाहेर उचलल्या गेल्या, त्या तळाखालच्या पंखांवर. निमुळता तळ एकटा असला तर कलंडतो, म्हणून दोन तळ दूर दूर ठेवून जोडायचे. कोकणात अरुंद होडीला बाजूला उलांडी बांधतात, ती याचसाठी. अजिंठ्याच्या जहाजाला तोल मिळत असावा तो रुंद पोटातून आणि तळाशी भरलेल्या वजनातून.

पण चित्र बाजूने काढलेलं. लांबी दिसते, रुंदी दिसत नाही. आणि वेगाचा हिशोब बराचसा या दोहोंच्या प्रमाणात. ही अडचण नुसत्या रसिकाची नाही. याच चित्रावरून गोव्यात काथ्याने फळ्या शिवून ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन मुख्य कारागीर. मूळ आराखडा नव्हताच, त्यामुळे नौदलाने आयआयटी मद्रासच्या मदतीने प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या. मे २०२५मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघालं. लांबी १९.६ मीटर, रुंदी ६.५ मीटर. तीनास एक हे प्रमाण शर्यतीचं नव्हे, माल वाहणाऱ्याचं. चित्रकाराने न दाखवलेली रुंदी त्या रांजणांवरून ताडता येते, असं मला वाटतं.