परवडते कोणाला? : अमेरिकन नगरांच्या अनुदान-अर्जांची भाषा

नगरांनी संघशासनाकडे घरबांधणीसाठी अनुदान मागणे हा विषय सामान्यतः अर्थशास्त्र व लोकप्रशासन यांच्या कक्षेतील मानला जातो. परंतु मागणे ही प्रथमतः भाषिक कृती आहे. देणाऱ्याने ठरविलेल्या शब्दांत मागणाऱ्याने आपल्या उणिवांचे वर्णन करावयाचे, असा हा व्यवहार आहे. आणि ज्यांच्या नावाने तो चालतो, ती भाडेकरू कुटुंबे ह्या संवादात प्रायः तृतीयपुरुषीच राहतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अशा अर्जांच्या परिभाषेचे परीक्षण करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ह्या परिभाषेचा पाया १९४९च्या गृहनिर्माण कायद्याने घातला. गलिच्छ वस्त्या हटविण्याच्या निव्वळ खर्चाचा दोन-तृतीयांश भार संघशासनाने उचलावा, अशी त्यात तरतूद होती. त्यासाठी नगराला आपलाच एखादा भाग निकृष्ट ठरवून द्यावा लागे. अशा भागासाठी रूढ झालेला ‘ब्लाइट’ हा शब्द मूळचा शेतीतला. आपण ज्याला करपा म्हणतो तो. करपा पडलेल्या पिकाची विचारपूस कोणी करीत नाही. ते उपटून टाकतात. रूपक एकदा स्वीकारले की कृती त्याच्या मागोमाग येते. १९५४ साली ‘बर्मन विरुद्ध पार्कर’ ह्या खटल्यात वॉशिंग्टनमधील एका दुकानाच्या मालकांनी आपली वास्तू गलिच्छ नसल्याचे निदर्शनास आणले. परंतु भागाचा विचार एकत्रितपणे करावयाचा असल्याने एकेका वास्तूची स्थिती निर्णायक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले. विशेषण वस्तीला लागले आणि तिच्यातील प्रत्येक घराला चिकटले.

१९७४च्या कायद्याने नागरी नूतनीकरण, आदर्श नगरे इत्यादी निरनिराळ्या योजना एकत्र करून समुदाय-विकासाचे एकत्रित अनुदान सुरू केले. मोठ्या नगरांना ते लोकसंख्या, दारिद्र्य, घरांतील दाटी इत्यादींवर आधारलेल्या सूत्रानुसार मिळते. १९७७मध्ये घरांचे वय व लोकसंख्यावाढीची मंदी हे घटक असलेले दुसरे सूत्र त्यास जोडण्यात आले. अर्थात येथे अर्ज हा स्पर्धेतील विनवणी न राहता हक्काच्या रकमेचा हिशेबी पूर्वरंग झाला. १९९५पासून ह्या व इतर काही अनुदानांसाठी तीन ते पाच वर्षांची एकच ‘एकत्रित योजना’ सादर करावी लागते. खर्चाचे प्रत्येक काम तीनपैकी एका राष्ट्रीय उद्दिष्टात बसवावे लागते : अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांचा लाभ, गलिच्छपणाचे व करप्याचे निवारण, किंवा तातडीची गरज. जुना करपा नव्या कायद्यातही टिकून राहिला, हे लक्षणीय आहे.

ह्या योजनांतील मध्यवर्ती शब्द ‘परवडणारी घरे’ हा होय. मराठीत ‘परवडणे’ ह्या क्रियापदाच्या रचनेत वस्तू प्रथमेत येते आणि ज्यास ती परवडते तो चतुर्थीत : ‘मजुराला हे घर परवडते’. परंतु धातुसाधित विशेषण बनताच ही चतुर्थी ऐच्छिक होते. ‘परवडणारे घर’ म्हटले की परवडणे हा जणू घराचाच गुणधर्म ठरतो. इंग्रजी विशेषणाचीही तीच गत आहे. दोन्ही भाषांत व्यक्ती सांगण्याची सोय आहे, सक्ती नाही.

ही गळालेली चतुर्थी संघशासनाचे नियम आकड्याने भरून काढतात. घरखर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत असावा, हे प्रमाण रूढ आहे. सार्वजनिक घरांच्या भाड्याबाबत १९६९मध्ये ठरलेली २५ टक्क्यांची मर्यादा १९८१मध्ये ३०वर नेण्यात आली. अल्प-मध्यम उत्पन्नाची सीमा परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांवर आखली जाते. परंतु ‘परिसर’ म्हणजे केवळ नगर नव्हे. त्यात भोवतालची सधन उपनगरेही येतात. डेट्रॉइटचे मध्यक उत्पन्न त्याच्या महानगर-परिसराच्या मध्यकाहून पुष्कळच कमी आहे. अशा ठिकाणी नियमाने परवडणारे ठरलेले घर तेथील सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असू शकते. अर्जातील विधान खरे असते, आणि तरी ते त्या कुटुंबाविषयी नसते.

नागरिकांना बोलण्यास वाव नाही, असे मात्र नाही. योजनेचा मसुदा किमान ३० दिवस लोकांच्या अभिप्रायासाठी खुला ठेवावा लागतो. तथापि मत ऐकणे आणि निर्णयाचा अधिकार देणे ह्यांतील अंतर शेरी आर्नस्टीन ह्यांनी १९६९च्या आपल्या निबंधात आठ पायऱ्यांच्या शिडीद्वारे दाखविले. आदर्श नगरांच्या योजनेत संघशासनाच्या सल्लागार म्हणून काम केल्यामुळे त्यांचे विवेचन केवळ पुस्तकी नव्हते.

मग ही सारी भाषा पोकळ मानावी काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. अर्जासोबत ‘आम्ही प्रमाणित करतो’ अशी विधाने जोडावी लागतात. जे. एल. ऑस्टिन ह्यांच्या परिभाषेत ही वर्णने नव्हेत, कृती आहेत. ती उच्चारणारा बांधला जातो. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर काउंटीने गृहव्यवहारातील समतेस आपण चालना देऊ, असे प्रमाणित करून अनुदाने घेतली होती. एका नागरी संघटनेने २००६मध्ये दावा लावला. वांशिक अडथळ्यांचा योग्य विचार न करताच दिलेली ती प्रमाणपत्रे खोटी होती, असा निर्णय न्यायालयाने २००९मध्ये दिला. त्याच वर्षीच्या तडजोडीत काउंटीने ७५० परवडणारी घरे उभारण्याचे मान्य केले. वर्षानुवर्षे उपचार म्हणून लिहिलेले वाक्य अखेर शब्दशः वाचले गेले.

ह्यातून निष्पन्न होते ते असे, की ठरीव परिभाषा गरिबाला अदृश्य करते हे खरे. पण कोणी ती नेटाने वाचली तर तीच त्याच्या हाती पुरावा देते. म्हणून अभ्यासकाचे काम परिभाषेचा उपहास करणे हे नसून तिच्यातील गळालेली पदे पुन्हा जागेवर बसविणे हे आहे. आपल्याकडेही २०१५च्या प्रधानमंत्री आवास योजनेपासून ‘परवडणारी घरे’ हा शब्दप्रयोग शासकीय मराठीत सर्रास वावरत आहे. त्या विशेषणामागे चतुर्थीतील पद कोणते, हा प्रश्न व्याकरणाचा आहे. परंतु तो केवळ व्याकरणाचा नाही.